पोकलेनने काढलेला गाळ पुन्हा येतो कुठून? वाशिष्ठीच्या खोऱ्यात डोंगर बदलले, तशी नदीही बदलली

चिपळूण : २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ हा चिपळूणमध्ये रोजच्या बोलण्यातला विषय झाला. डिसेंबर २०२१ मध्ये गाळ काढावा या मागणीसाठी नागरिक उपोषणाला बसले. त्यानंतर पात्रात पोकलेन उतरले, डंपर धावू लागले, नदीत तयार झालेली बेटं कापण्याचं काम सुरू झालं. पण पाऊस संपला की तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. काढलेल्या जागी नवा गाळ आला कुठून? आणि दरवर्षी तो काढतच राहायचं का?

याचं उत्तर शोधायचं तर पुलावरून खाली बघून भागत नाही. वर, पऱ्या आणि वहाळ जिथून सुरू होतात त्या डोंगरांकडे बघावं लागतं. तिथली जमीन कशी वापरली जाते, यावर खाली किती गाळ येणार हे ठरतं. हे फक्त चिपळूणचं नाही. खेडची जगबुडी, संगमेश्वरची शास्त्री, राजापूरची अर्जुना-कोदवली, महाडची सावित्री, सगळीकडे हिशोब तोच आहे.

गाळ चालतो कसा?

सुरुवात पावसाच्या थेंबापासून होते. उघड्या मातीवर जोराचा थेंब पडला की मातीचे कण उडतात. घराच्या भिंतीला खालच्या दीड-दोन फुटांपर्यंत लाल शिंतोडे बसतात, ते याच थेंबांचं काम. म्हणून तर मातीच्या भिंतींना पावसाळ्याआधी झावळ्या बांधायची पद्धत आहे. भिंतीला जशी झावळी, तसा जमिनीला पालापाचोळा आणि गवत.

सुटलेले कण मग वाहत्या पाण्याबरोबर निघतात. आधी पातळ थर वाहतो, पुढे बोटाएवढ्या घळी पडतात, त्याच मोठ्या होऊन पऱ्याला मिळतात. पाण्याचा वेग वाढला की त्याची ताकद नुसती वाढत नाही, अनेक पटींनी वाढते. वेग दुप्पट झाला, तर पाणी ढकलू शकेल अशा दगडाचं वजन चौसष्ट पटींपर्यंत जातं, असा जलशास्त्रातला जुना नियम आहे. म्हणूनच एरवी गुडघाभर पाण्याचा वहाळ एका रात्रीत कोकराएवढे धोंडे खाली आणून टाकतो.

आणि वेग कमी झाला की हेच सगळं उलटं होतं. डोंगर उतरून नदी सपाटीला आली की आधी दगडगोटे बसतात, मग वाळू, शेवटी बारीक माती. चिपळूणजवळ तर आणखी एक गोष्ट घडते. इथपर्यंत खाडीच्या भरतीचा परिणाम जाणवतो. वरून येणारं पाणी आणि समोरून चढणारी भरती यांची गाठ पडली की प्रवाह मंदावतो. शिवाय खाऱ्या पाण्यात मातीचे अगदी बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. म्हणजे वरच्या डोंगराची माती बसायला निसर्गानेच ठरवलेली जागा ही शहराजवळची आहे.

गाळ जुनाच, वेग नवा

नदीत गाळ येणं ही आजची गोष्ट नाही. एकेकाळी गोवळकोटच्या बंदरापर्यंत गलबतं येत. वाशिष्ठीच्या मुखाशी असलेलं दाभोळ हे मध्ययुगात पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. राजापूरला तर सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती. या खाड्या हळूहळू भरत गेल्या आणि मोठी जहाजं यायची थांबली. सह्याद्री उभा, पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. अशा ठिकाणी थोडी माती वाहणारच.

प्रश्न आहे तो वेगाचा. जी माती शंभर वर्षांत उतरायची ती वीस वर्षांत उतरायला लागली, तर नदीला ती समुद्रापर्यंत पोचवायला सवड मिळत नाही. आणि हा वेग वाढवणारी कारणं बहुतेक जमिनीच्या वापरातली आहेत.

डोंगरावर काय काय बदललं?

१) खासगी जंगलाची सरसकट तोड. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनजमीन नावापुरतीच आहे. डोंगरावर दिसणारा बहुतेक झाडोरा खासगी मालकीचा, त्यात पुन्हा सातबाऱ्यावर दहा-वीस नावं. ठेकेदार उभा माल घेतो आणि अख्खा उतार एका हंगामात मोकळा होतो. पहिल्या पावसात फारसं काही दिसत नाही, कारण बुंधे आणि मुळं जमिनीत असतात. खरा धोका काही वर्षांनी येतो. जुनी मुळं कुजतात, नवी अजून खोल गेलेली नसतात, आणि मधल्या काळात मातीला धरून ठेवणारं काही उरत नाही. ‘तोडून चार वर्षं झाली, काही झालं नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

२) वणवे. फेब्रुवारी ते मे या काळात डोंगर पेटतात. कुणी गवत चांगलं यावं म्हणून, कुणी बाग साफ करायला, कुणी शिकारीसाठी, तर कधी नुसत्या विडीच्या थोटकाने. झाडं बऱ्याचदा जगतात, पण पालापाचोळा आणि गवत जळून जातं. म्हणजे मृगाचा पहिला जोराचा पाऊस उघड्या जमिनीवर पडतो. वर्षभरात जाणाऱ्या मातीतला मोठा वाटा अशा सुरुवातीच्या पावसातच जातो.

३) बागायतीची नवी पद्धत. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणात आंबा-काजूच्या बागा वाढल्या. त्यातून अनेक घरांना उत्पन्न मिळालं, हे खरंच. हाताने आळी काढून, गवत राखून केलेली जुनी बाग मातीला फार त्रास देत नाही. पण आता उतारावर पोकलेन लावून जंगल मुळासकट काढतात, पायऱ्या पाडतात, आणि पुढे तणनाशक मारून जमीन ‘स्वच्छ’ ठेवतात. ही स्वच्छ जमीन म्हणजे पावसाच्या थेंबापुढे छाती उघडी करून उभा राहिलेला डोंगर.

४) रस्ते, प्लॉट आणि चिरेखाणी. कोकणातल्या अनेक डोंगरांवर वर कठीण जांभा आणि त्याखाली मऊ, चिकण, पिवळट-पांढरी माती असते. वरचा जांभा हे त्या मातीचं छप्पर आहे. रस्त्यासाठी, फार्महाऊसच्या प्लॉटसाठी किंवा चिऱ्यासाठी हे छप्पर कापलं की खालची माती उघडी पडते आणि भिजली की सरकते. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात परशुराम घाटातली कापणी पावसाळ्यात कितीदा खाली आली, हे प्रवाशांना माहीत आहे. कापलेली माती टाकतात कुठे, हाही प्रश्न आहेच. बऱ्याचदा ती जवळच्याच घळीत ढकलली जाते. घळ म्हणजे नदीचीच शाखा. तिथे टाकलेली माती एक-दोन पावसाळ्यांत खाली पोचते.

५) ओस पडलेली खाचरं. ही गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. भाताचं खाचर हे नुसतं शेत नसतं. बांधामुळे त्यात पाणी थांबतं आणि वरून आलेली माती बसते. डोंगरापासून नदीपर्यंत खाचरांची उतरंड म्हणजे गाळ धरणाऱ्या शंभर छोट्या टाक्याच. माणसं मुंबई-पुण्याला गेली, खाचरं पडीक राहिली, खेकड्यांनी आणि डुकरांनी बांध पोखरले, दरवर्षी बांधबंदिस्ती करणारा कुणी उरला नाही. एक बांध फुटला की त्याचं पाणी खालचा बांध फोडतं. पिढ्यान् पिढ्या साठलेली माती मग वहाळाला लागते.

याच्या उलटही घडलंय. वरकस जमिनीवरची नाचणी-वरीची शेती कमी झाली आणि अनेक उतारांवर झुडपं पुन्हा वाढली. जिथे वणवा लागत नाही आणि कुणी सरसकट तोडत नाही, तिथे जमीन आपोआप सावरते. म्हणजे जमिनीचा वापर बदलला की गाळ वाढतोच असं नाही, कमीही होतो.

एक मिलिमीटरचा हिशोब

माती जाताना दिसत का नाही? कारण ती कागदाएवढ्या थराने जाते.

एक हेक्टर जमिनीवरून एक मिलिमीटर माती गेली, तर ती होते १० घनमीटर, वजनाने साधारण १३ टन. देशातली शेतं, डोंगर, जंगलं सगळी धरून दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टनांच्या आसपास माती हलते, असा अंदाज भारतीय मृदाशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडला होता. त्यातली सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते आणि उरलेली एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी पडते. दाट जंगल असेल तर हेक्टरी पाच टनांच्याही आत भागतं. उतार उघडा करून केलेल्या फिरत्या शेतीत हाच आकडा चाळीस टनांच्या पुढे जातो. पाऊस तोच, डोंगर तसाच. फरक फक्त जमिनीवर काय आहे याचा.

आता हेच गावाला लावून बघू. समजा गावाचं क्षेत्र ४०० हेक्टर आहे आणि देशाच्या सरासरीएवढीच माती हलली, म्हणजे सव्वा मिलिमीटर. ती झाली ५,००० घनमीटर. त्यातली ४० टक्के नदीला मिळाली असं धरलं तरी २,००० घनमीटर. १० घनमीटरच्या डंपरच्या २०० खेपा, एका गावातून, एका वर्षात. खोऱ्यात अशी किती गावं आहेत ते मोजलं की पोकलेन का पुरत नाही हे समजतं.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. डोंगरावरून सुटलेली सगळी माती नदीच्या मुखाशी लगेच पोचत नाही. काही पायथ्याला थांबते, काही खाचरात, काही डोहात. म्हणून आज डोंगरावरची धूप पूर्ण थांबवली, तरी वाटेत साठलेली माती पुढची काही वर्षं खाली येतच राहते. ‘बांध घातले तरी गाळ आलाच’ असं म्हणून दुसऱ्या वर्षी काम सोडून देण्यात अर्थ नाही.

गावाचं नुकसान काय?

गाळ म्हणजे शहराचा पूर, एवढाच अर्थ वरच्या वाड्यांनी घेऊ नये. पहिलं नुकसान त्यांचंच होतं.

जाते ती माती वरचीच, म्हणजे सगळ्यात कसदार. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, जायला काही पावसाळे पुरतात. पाचोळा आणि माती गेली की पाणी मुरत नाही. म्हणून जुलैत पूर येणाऱ्या वाडीतच मार्चमध्ये विहीर तळ गाठते. नदीतले कोंड आणि डोह भरले की उन्हाळ्यात गुरांना पाणी नाही आणि मासे राहायला जागा नाही. पात्र वर आलं की नदी बाजूला सरकते आणि काठाची भातशेती खाते.

आणि सगळ्यात मोठा धोका जिवाचा. २०२१ च्या त्याच जुलैत महाड तालुक्यातल्या तळिये आणि खेड तालुक्यातल्या पोसरे इथे दरडी कोसळून अनेकांचे जीव गेले. प्रत्येक दरड जमीन वापरामुळेच कोसळते असं म्हणता येत नाही. अतिवृष्टी आणि उभा उतार हीच मुख्य कारणं असतात. पण उताराचा पायथा कापणं, झाडं काढणं आणि पाण्याची वाट बदलणं यांमुळे धोका वाढतो, यात शंका नाही. एक दरड नदीला जेवढी माती देते, तेवढी द्यायला शेतांना कित्येक वर्षं लागतील.

नुसती झाडं लावून भागेल का?

नाही. झाड आणि जमिनीवरचं आच्छादन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सागाचं उदाहरण घ्या. त्याच्या मोठ्या पानावर पाणी जमतं आणि उंचावरून टपोरा थेंब खाली पडतो. खाली पाचोळा आणि झुडपं असतील तर ठीक, पण वणव्याने ती जळाली असतील तर सागाखालची जमीनही जोरात धुपते. मातीला वाचवतं ते जमिनीलगतचं गवत, पाचोळा आणि मुळांचं जाळं. जूनमध्ये रोप लावण्याचा फोटो काढण्यापेक्षा मार्चमध्ये वणवा रोखणं जास्त उपयोगाचं आहे.

गावकऱ्यांनी श्रमदानाने बांधलेले कच्चे बंधारे आणि वनराई बंधारे यांचाही गैरसमज नको. ते पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये घातले जातात. पाण्यासाठी ते उत्तम, पण गाळ येतो जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा ते नसतातच. गाळासाठी लागतात ते वरच्या घळींमधले दगडी बांध.

डोंगरावर सरसकट चर मारणं हाही सगळीकडे चालणारा उपाय नाही. कमी पावसाच्या घाटमाथ्यापलीकडच्या तालुक्यांत जे जमतं, ते कोकणात तसंच्या तसं आणू नये. तीव्र उतार आणि खाली मऊ माती असेल, तर चरात मुरलेलं पाणी दरडीला निमंत्रण देतं. खाली वस्ती असेल तर जाणकारांचा सल्ला घेतल्याशिवाय चर मारू नये.

हे थांबतं का? थांबलेलं आहे

चंदीगडचं सुखना तलाव १९५८ मध्ये बांधलं आणि काही वर्षांतच ते शिवालिकच्या टेकड्यांमधून येणाऱ्या गाळाने भरू लागलं. तलावातला गाळ काढून भागेना, म्हणून सत्तरच्या दशकात शास्त्रज्ञ वरच्या सुखोमाजरी गावात पोचले. गावाची गुरं टेकड्यांवर मोकाट चरत होती. तिथे छोटे मातीचे बांध घातले, त्यातलं पाणी गावाच्या शेतीला दिलं. पाण्याचा फायदा दिसल्यावर लोकांनीच टेकडीवरची मोकाट चराई थांबवली. गवत वाढलं आणि तिथून खाली येणारा गाळ झपाट्याने घटला. खालच्या शहराची अडचण वरच्या गावाला फायदा दिल्यावरच सुटली, हा त्यातला धडा.

मोठं उदाहरण चीनच्या पीत नदीचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहून नेत होती. उतारावरच्या पायऱ्या, घळींतले हजारो बांध, धरणं आणि १९९९ पासून तीव्र उतारावरची शेती बंद करून शेतकऱ्यांना दिलेला मोबदला, या सगळ्यांमुळे तो गाळ आता त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आलाय.

गावाने आणि बागायतदाराने काय करावं?

- मार्चआधी जाळपट्टे काढा. वाडीवार जबाबदारी ठरवून घ्या. वणवा लागला नाही तर अर्धं काम तिथेच झालं.
- बागेत तणनाशकाऐवजी कापणी. गवत कापून तिथेच झाडाच्या बुंध्याला टाका. उतारावर झाडाभोवती खालच्या बाजूने अर्धचंद्राकृती बांध घाला.
- सरसकट तोड टाळा. टप्प्याटप्प्याने तोडा, खुंट जिवंत ठेवा म्हणजे फुटवा येतो. पऱ्याच्या दोन्ही काठांची झाडं राखून ठेवा. झाडं तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, हे ठेकेदाराला आधीच सांगा.
- पडीक खाचरांचे बांध राखा. शेती करत नसला तरी गणपतीला किंवा मे महिन्यात गावी आल्यावर फुटका बांध सांधून जा. बांधावर वाळा किंवा गवत लावा. जुने गडगे मोडू नका.
- कापलेली माती घळीत टाकू नका. रस्ता असो वा प्लॉट, माती कुठे टाकणार हे काम सुरू व्हायच्या आधी ग्रामसभेत विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.
- काढलेला गाळ पुन्हा काठावर नको. निळ्या पूररेषेच्या आत ढीग मारला तर पुढच्या पुरात तो परत नदीत. बारीक, गोड्या पाण्यातला गाळ शेताला चांगला. खाडीकडच्या गाळात मीठ असू शकतं, म्हणून शेतात टाकण्याआधी माती तपासून घ्या.

बाटली लावून बघा

कोणत्या पऱ्यातून गाळ जास्त येतो हे कळायला यंत्र लागत नाही. जोराच्या पावसात गावातल्या दोन-तीन पऱ्यांचं पाणी एकाच मापाच्या पारदर्शक बाटल्यांमध्ये भरा. पाण्यात उतरू नका, साकवावरून दोरीने डबा सोडून काढा. बाटलीवर पऱ्याचं नाव आणि तारीख लिहून दोन दिवस हलवू नका. तळाला बसलेला थर पट्टीने मोजा. ज्या बाटलीत थर जाड, त्या पऱ्याच्या वर काहीतरी बिघडलंय. वर जाऊन बघितलं तर ताजी कापणी, जळकी जमीन किंवा फुटका बांध सापडतो. शाळेच्या मुलांनी दरवर्षी नोंद ठेवली, तर तीन-चार वर्षांत गावाकडे स्वतःची माहिती तयार होते आणि ग्रामसभेत नुसतं बोलण्यापेक्षा ती दाखवता येते.

मग पोकलेन बंद करायचे?

तसं नाही. शहराजवळ पात्र आधीच भरलेलं आहे. साठलेला गाळ काढल्याशिवाय पुराच्या पाण्याला वाट मिळणार नाही. तिथली मागणी रास्तच आहे. शिवाय २०२१ च्या पुराला अतिवृष्टी, भरती आणि नदीकाठची बांधकामं ही कारणंही होती. कोयनेच्या वीजघरांतून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येणाऱ्या पाण्यावरही बरीच चर्चा झाली. एकट्या गाळावर सगळं ढकलता येणार नाही.

पण खाली नदी साफ करायची आणि वर डोंगर उघडा ठेवायचा, हे म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून घरातलं पाणी उपसत बसणं. नदीतल्या गाळासाठी जशी निधीची मागणी होते, तशी वरच्या गावांतल्या बांधबंदिस्तीसाठी, घळींतल्या दगडी बांधांसाठी आणि जंगल राखणाऱ्या खातेदाराला मोबदल्यासाठीही व्हायला हवी. झाडं उभी ठेवणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि तोडणाऱ्याला रोख मिळते, तोपर्यंत डोंगर मोकळे होतच राहतील. येत्या ग्रामसभेत वाडीच्या वरच्या पऱ्यांचा विषय घ्यायला कुणाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही.